दक्षिण बाजू : साउथवर्कच्या जॉर्ज सराईची कथा

लंडन ब्रिज स्टेशनातून बाहेर पडून बरो हाय स्ट्रीटने दक्षिणेकडे चालू लागले की डाव्या हाताला एकामागून एक अरुंद बोळ लागतात. किंग्ज हेड यार्ड, व्हाइट हार्ट यार्ड, जॉर्ज इन यार्ड, टॅलबट यार्ड. प्रत्येक नाव एका सराईचे आहे आणि प्रत्येक बोळ म्हणजे त्या सराईच्या चौकात शिरायची वाट. सराया गेल्या, बोळांना नावे चिकटून राहिली. जॉर्जच्या बोळात मात्र वळले की पाय आपोआप थांबतात. उजव्या हाताला, चौकाच्या संपूर्ण कडेने, एक लांबलचक जुनी इमारत उभी आहे. तळाशी छोट्या छोट्या तावदानांच्या खिडक्या, वर एकावर एक असे दोन लाकडी सज्जे, सज्ज्यांना जाडजूड कातीव दांड्यांचा कठडा आणि सगळ्यावर कौलांचे उतरते छप्पर. कठड्याची ओळ सरळ नाही, मध्येच ती किंचित झोल खाते.

ही जॉर्ज सराई. १६७६ च्या आगीत जळून १६७७ साली पुन्हा उभी राहिलेली ही वास्तू २०२७ मध्ये ३५० वर्षांची होते आहे. सज्जे असलेली, घोडागाड्यांच्या काळातली अशी सराई संपूर्ण लंडनमध्ये आता ही एकच उरली आहे. आणि तीही पूर्ण नाही. चौकाच्या तीन अंगांना असलेल्या वास्तूपैकी दक्षिणेचे तेवढे अंग शिल्लक आहे.

जॉर्जबद्दल लिहिताना बहुतेक जण मोठ्या नावांपासून सुरुवात करतात. चॉसर शेजारचा, शेक्सपियर दोन गल्ल्यांपलीकडचा, डिकन्स तर याच रस्त्यावरचा. ही नावे पुढे येतीलच. पण या वास्तूचे खरे मोल तिच्या आखणीत आहे. प्रवासी कसा येतो, कशात बसून येतो, त्याचे सामान आणि जनावरे कुठे जातात, त्याला रात्री कुठे टेकायचे असते, याचा विचार करून सुतारांनी आणि गवंड्यांनी बांधलेली ही इमारत आहे. प्रवासाची साधने बदलली तशी ती बदलली आणि शेवटी प्रवासाच्याच एका नव्या साधनाने तिचा मोठा भाग खाल्ला.

इतक्या सराया याच रस्त्याला का, याचे उत्तर थेम्स नदीत आहे. १२०९ साली पुरा झालेला दगडी लंडन ब्रिज हा शहरात नदीवरून शिरण्याचा शेकडो वर्षे एकमेव पूल होता. वेस्टमिन्स्टरचा पूल खुला झाला तो थेट १७५० मध्ये. केंट, सरे, ससेक्स या दक्षिणेच्या परगण्यांतून येणारा प्रत्येक रस्ता शेवटी साउथवर्कमध्ये येऊन मिळत असे. पुलावर दोन्ही बाजूंना घरे-दुकाने होती, मधली वाट चिंचोळी होती आणि रात्री वेशीचे दरवाजे बंद होत. उशिरा पोचलेल्याला अलीकडेच मुक्काम करण्यावाचून गत्यंतर नव्हते. मालाने भरलेले अवजड खटारे पुलावर घालण्यापेक्षा इथेच रिकामे करणे गाडीवानांनाही सोयीचे पडे. उलट दिशेने, संत टॉमस बेकेटच्या समाधीसाठी कँटरबरीला निघालेले यात्रेकरूही आदल्या रात्री इथे जमत. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधली मंडळी जिथून निघतात ती टॅबर्ड सराई जॉर्जला लागूनच दक्षिणेला होती. पुढे ती टॅलबट नावाने ओळखली जाऊ लागली.

जॉर्जचे नाव १५४३ च्या सुमाराच्या साउथवर्कच्या नकाशात सापडते. १५९८ मध्ये जॉन स्टो याने लंडनचे सविस्तर वर्णन लिहिले, त्यात या रस्त्यावरच्या मोठ्या सरायांची यादी आहे. स्पर, ख्रिस्तोफर, बुल, क्वीन्स हेड, टॅबर्ड, जॉर्ज, हार्ट, किंग्ज हेड अशी ती नावे. इथे एक खुलासा करायला हवा. आज जॉर्जला सगळे 'पब' म्हणतात आणि आज तो पबच आहे. पण 'इन' ही संस्था वेगळी होती. पिण्याचे दुकान निराळे आणि इन निराळी. इनमध्ये प्रवाशाला अंथरूण, जेवण आणि त्याच्या घोड्याला तबेला मिळायला हवा. वाटसरूला आसरा देणे हे इनवाल्याचे कायद्याने बांधलेले कर्तव्य होते. म्हणून त्या काळची इन ही आपल्या कल्पनेतल्या सराईशी जास्त जुळते.

आता जागेचा आकार पाहू. रस्त्याला लागून असलेली जमीन सोन्याच्या भावाची, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला दर्शनी बाजू अगदी चिंचोळी आली. मागे मात्र प्लॉट लांबच लांब पसरलेला. बाहेरून पाहिले तर दोन दुकानांच्या मधला एक दरवाजा, एवढाच सराईचा पत्ता. दरवाज्याची रुंदी गाडीच्या रुंदीएवढी, उंची लादलेल्या खटाऱ्याएवढी. आत शिरले की जागा मोकळी होई. पुढचा चौक माणसांचा आणि गाड्यांचा. मागे तबेले, गवताच्या वखारी, गाड्या उभ्या करायची आवारे. इमारत रस्त्याकडे पाठ फिरवून चौकाकडे तोंड करते. वाड्यात राहिलेल्या मराठी वाचकाला ही आखणी समजावून सांगायची गरज नाही, फक्त इथल्या चौकात तुळशीवृंदावनाच्या जागी घोडे होते.

चौकाभोवती खोल्यांची एकेरी रांग असते. एकेरी यासाठी की प्रत्येक खोलीला उजेड आणि वारा चौकातूनच मिळायचा. दुहेरी रांग केली तर मागच्या खोल्या अंधाऱ्या होतात आणि मधून बोळ काढावा लागतो. तो बोळ जागा खातो. त्याऐवजी सुतारांनी बोळच इमारतीच्या बाहेर काढला आणि तोच सज्जा झाला. जिना चढून सज्ज्यावर यायचे आणि कठड्याच्या कडेने चालत आपल्या खोलीच्या दाराशी जायचे. प्रत्येक दार उघड्यावर, चौकातल्या सगळ्यांच्या नजरेसमोर. खाली आपली गाडी उभी आहे ना, घोड्याला दाणा मिळाला ना, हे प्रवाशाला झोपण्याआधी कठड्यावर हात टेकून पाहता येई. चोराचिलटांच्या काळात ही फार मोठी सोय होती.

हे सगळे पूर्ण स्वरूपात कसे दिसत असेल, याचा अंदाज लंडनमध्ये आता येत नाही. त्यासाठी ग्लॉस्टरला जावे लागते. तिथल्या नॉर्थगेट स्ट्रीटवर 'न्यू इन' नावाची सराई आहे. नावात 'न्यू' असले तरी ती १४५० च्या सुमाराची आहे. सेंट पीटर मठाच्या जॉन ट्वायनिंग नावाच्या साधूने ती मठासाठी बांधवून घेतली. दुसरा एडवर्ड राजा १३२७ मध्ये मारला गेल्यावर त्याला त्या मठात पुरले होते आणि त्याच्या समाधीला लोक येत. न्यू इनचा चौक आजही सज्ज्यांनी वेढलेला आहे आणि सज्जे असलेल्या मध्ययुगीन इंग्लिश सरायांचा तो सर्वांत चांगला नमुना मानला जातो. शेजारच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा लाकडी खांब कोरीव आहे, त्यात एक देवदूत घडवला आहे. ग्लॉस्टरच्या चौकात उभे राहून चहूकडे मान फिरवली आणि मग साउथवर्कला आले की जॉर्जचे काय गेले ते नीट कळते.

लाकडी सांगाड्याची ही इंग्लिश पद्धत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. तिचे मुख्य लाकूड ओक. ओक वाळला की लोखंडासारखा कडक होतो, मग छिन्नी चालत नाही. म्हणून सुतार तो ओला असतानाच कापत, घडत. एका अंगणात सगळे भाग जमिनीवर मांडून एकमेकांत बसवून पाहत, प्रत्येक सांध्यावर छिन्नीने रोमन आकड्यांच्या रेघा ओढत, पुन्हा सुटे करत आणि बांधकामाच्या जागी नेऊन खुणेला खूण जुळवून उभे करत. इंग्लंडमधल्या जुन्या इमारतींत या रेघा आजही तुळयांवर सापडतात. सांधा म्हणजे एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खोबणीत. ते पक्के करायला लोखंडी खिळा नव्हे, वाळलेल्या ओकाची खुंटी. यातली खुबी अशी की खुंटीसाठी कुसवात पाडलेले भोक खोबणीच्या भोकाशी अगदी समोरासमोर नसते, केसभर आत सरकवलेले असते. खुंटी ठोकली की ती स्वतः किंचित वाकते आणि सांधा खेचून घट्ट बसवते. पुढची काही वर्षे लाकूड वाळत जाते, आक्रसते, पिळते आणि सांधा सैल होण्याऐवजी आणखी आवळला जातो. जुन्या इंग्लिश घरांच्या तुळया वाकड्या दिसतात, त्याचे पुष्कळसे कारण हे वाळणे आहे. तो बिघाड समजू नये.

सांगाडा उभा राहिला की भार सगळा खांबांवर आणि तुळयांवर. भिंत केवळ आडोसा. दोन खांबांमधला खण भरायला बारीक काठ्या उभ्या लावायच्या, त्यांत लवचीक फोकाट्या विणायच्या आणि माती, शेण, कापलेले गवत यांचा गिलावा दोन्ही बाजूंनी थापायचा. कोकणात कुडाची भिंत पाहिलेल्याला हे वर्णन ओळखीचे वाटेल. कारवीच्या जागी हेझल किंवा ओकाच्या चिरफळ्या, एवढाच फरक. भिंत भार घेत नाही याचा फायदा मोठा. हवी तिथे खिडकी पाडता येते, दार बुजवता येते, दोन खोल्यांची एक करता येते. कुजलेला खांब काढून नवा घालता येतो. सरायांना हे वरदानच होते, कारण सराईचा मालक दर पिढीला काहीतरी बदलत असे. या पद्धतीचा एकच शत्रू होता आणि तो साउथवर्कला चांगलाच ठाऊक होता.

१६६६ ची लंडनची मोठी आग नदीच्या उत्तर काठावर पेटली. ती पुलावरही चढली, पण १६३३ च्या एका आगीत पुलाच्या उत्तर टोकाची घरे जळून तिथे मोकळी जागा राहिली होती, तिथे ती अडली. साउथवर्क वाचले. मात्र १६७० मध्ये साउथवर्कमध्येच लागलेल्या आगीत जॉर्जचा बराच भाग जळाला. तो सावरतो न सावरतो तोच २६ मे १६७६ रोजी जॉर्ज आणि टॅलबट यांच्या मधल्या एका तेलविक्याकडे आग लागली. वारा होता, घरे लाकडाची, मागच्या आवारांत गवताच्या गंज्या. आग अडवण्यासाठी घरे सुरुंग लावून उडवावी लागली. ५०० ते ६०० घरे गेली. जॉर्ज, टॅलबट, व्हाइट हार्ट, सगळ्या सराया भस्मसात झाल्या.

त्यानंतर जे घडले ते या सरायांच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. नदीपलीकडच्या लंडन शहरात १६६७ च्या कायद्याने बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या बांधणे सक्तीचे झाले होते. साउथवर्कसाठी १६७७ मध्ये स्वतंत्र कायदा आला आणि जळालेल्या मालमत्तांचे तंटे सोडवायला एक खास न्यायालय बसले. जळालेली इमारत मालकाने बांधायची की भाडेकरूने, हा खरा प्रश्न होता. न्यायालयाचे धोरण सरळ होते. जो बांधेल त्याचे भाडे उतरवायचे, पट्ट्याची मुदत वाढवायची, पण इमारत उभी झाली पाहिजे. या तजविजीमुळे बरो हाय स्ट्रीटवरच्या सराया एवढ्या लवकर सावरल्या.

जॉर्ज जुन्याच आखणीवर पुन्हा बांधली गेली असे मानले जाते. तळमजल्याला विटा आल्या, वरचा सांगाडा आणि सज्जे मात्र लाकडाचेच राहिले. डोळ्यांदेखत दोनदा जळालेली इमारत पुन्हा लाकडात का बांधावी? आजच्या माणसाला हा हट्ट वाटेल. पण चौकाच्या बाजूला हलका, उघडा, पुढे काढलेला सज्जा त्या काळी विटेत होणार कसा? गाड्या हाकायला चौकाची जमीन मोकळी हवी, तिथे विटांचे जाड खांब परवडत नाहीत. प्रवाशाची गरज तीच होती आणि तिला लाकडाइतके चांगले उत्तर सुतारांकडे दुसरे नव्हते. म्हणूनच जॉर्जमध्ये दोन काळ एकत्र दिसतात. एका भागात मध्ययुगाची आठवण देणारे सज्जे आणि त्याला लागून विटांची सरळ उभी भिंत, तिच्यात वरखाली सरकणाऱ्या उंच खिडक्या. १४५० ची ग्लॉस्टरची न्यू इन आणि १६७७ ची जॉर्ज यांच्यात सव्वादोनशे वर्षांचे अंतर आहे, तरी प्रवासी जिना चढून ज्या वाटेने खोलीत जातो ती वाट तीच आहे.

इथे शेक्सपियरचा मुद्दा स्पष्ट करायला हवा, कारण मार्गदर्शक मंडळी तो फार सैलपणे सांगतात. शेक्सपियर वारला १६१६ मध्ये आणि आज दिसणारे सज्जे त्यानंतर ६१ वर्षांनी उभे राहिले. त्याने या कठड्याला कधी हात लावला नाही. त्याच्या नाटकाचा प्रयोग जुन्या जॉर्जच्या चौकात झाल्याचा पुरावा नाही. हे मान्य करूनही एक नाते उरते. सोळाव्या शतकात लंडनच्या काही सरायांच्या चौकांत नाटके होत. बिशप्सगेटची बुल, लडगेट हिलची बेल सॅव्हेज, ग्रेसचर्च स्ट्रीटवरची बेल आणि क्रॉस कीज या त्यांतल्या नोंदलेल्या सराया. चौकात फळ्यांचा मंच, भोवती उभे प्रेक्षक, सज्ज्यांवर पैसे जास्त मोजणारे. १५९९ मध्ये जॉर्जपासून चालत काही मिनिटांवर ग्लोब नाट्यगृह उभे राहिले, तेही मोकळ्या आकाशाखालचे आणि तिन्ही मजल्यांना गॅलऱ्या असलेले. ग्लोबचा आकार सरायांवरून आला की अस्वल-बैलांच्या झुंजीच्या आखाड्यांवरून, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्या काळच्या प्रेक्षकाला सज्ज्यावरून खालचा खेळ पाहायची सवय कुठे लागली असेल, हे समजून घ्यायला जॉर्जच्या चौकात उभे राहण्यासारखा दुसरा धडा नाही.

अठरावे शतक जॉर्जच्या भरभराटीचे. १७२० मध्ये जॉन स्ट्राइपने स्टोच्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढली, त्यात जॉर्ज ही मोठी आणि चांगला धंदा असलेली सराई म्हणून नोंदली आहे. आता खटाऱ्यांच्या जोडीला वेळापत्रकाने धावणाऱ्या प्रवासी घोडागाड्या आल्या. वेळापत्रक आले तशी सराईची घडी बदलली. पूर्वी प्रवासी संध्याकाळी येई आणि सकाळी जाई. आता तासा-दोन तासांसाठी थांबणारे लोक आले. तळमजल्यावर त्यांच्यासाठी खोल्या ठरल्या. एका खोलीत गाडीवान आणि गाडीची वाट पाहणारे उतारू बसत, तो आज 'ओल्ड बार'. शेजारची कॉफी रूम जरा बऱ्या ऐपतीच्या लोकांसाठी, ती आजची मधली खोली.

ओल्ड बारमधल्या भिंतीवरच्या घड्याळापाशी थोडे थांबावे. त्याला 'पार्लमेंट क्लॉक' म्हणतात. मोठी गोल तबकडी, तिच्यावर काच नाही, दुरूनही वाचता येतील असे ठळक आकडे. १७९७ मध्ये ब्रिटिश सरकारने घड्याळांवर कर बसवला. खिशातली आणि घरातली घड्याळे महाग झाली, लोक वेळ पाहायला सराईत येऊ लागले, म्हणून सरायांनी अशी घड्याळे टांगली, अशी कथा सांगितली जाते. प्रत्यक्षात अशी घड्याळे त्याआधी कित्येक दशके सरायांत लागत होती आणि तो कर १७९८ मध्ये, वर्षाच्या आतच, रद्द झाला. नाव तेवढे करावरून पडले. खरे कारण बाहेर चौकात उभे होते. गाडी ठरल्या वेळेला सुटणार असेल तर ती वेळ गाडीवानाला, मोतद्दाराला आणि उतारूला एकाच तबकडीवर दिसली पाहिजे.

चार्ल्स डिकन्सचे वडील १८२४ मध्ये कर्जापायी मार्शलसी तुरुंगात होते आणि तो तुरुंग याच रस्त्यावर होता. बारा वर्षांचा चार्ल्स जवळच लँट स्ट्रीटवर राहून तिथे जा-ये करी. मोठेपणी त्याने 'लिटल डॉरिट'मध्ये मार्शलसीची कथा लिहिली, तेव्हा तिच्यात जॉर्जचा उल्लेख आला. शेजारची व्हाइट हार्ट त्याने 'पिकविक पेपर्स'मध्ये आणली आणि मिस्टर पिकविकची सॅम वेलरशी गाठ तिथेच घालून दिली. 'पिकविक' हप्त्याहप्त्याने निघू लागले ते १८३६ मध्ये. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरायांपासून हाकेच्या अंतरावर लंडन ब्रिजचे रेल्वे स्टेशन सुरू झाले.

पुढची कथा झपाट्याची. १८४१ मध्ये ब्रायटनपर्यंत, १८४४ मध्ये डोव्हरपर्यंत लोहमार्ग पोचला. ज्या प्रवाशाला सराईत रात्र काढावी लागे, तो आता दुपारी समुद्रकाठी पोचू लागला. घोडागाड्या बंद पडल्या. खोल्या ओस पडल्या, तबेले वखारी झाले. केंटहून येणाऱ्या, बिअरला लागणाऱ्या हॉप्सच्या व्यापारामुळे साउथवर्कमध्ये वर्दळ राहिली, पण तो माल उतरवून घेणारी वर्दळ होती, मुक्कामाची नव्हे. जॉर्ज १८४९ मध्ये मागच्या अंगाला असलेल्या गाय्ज हॉस्पिटलने विकत घेतली आणि १८७४ मध्ये ती ग्रेट नॉर्दर्न रेल्वेकडे गेली. ही कंपनी उत्तरेकडची, तिचे स्टेशन किंग्ज क्रॉस. नदीच्या दक्षिणेचा माल गोळा करायला तिला एक ठाणे हवे होते. गाड्या आत शिरतील असा दरवाजा, मोकळा चौक, भोवती साठवणीची जागा, हे सगळे जॉर्जमध्ये आयते होते. सराईला सराई करणाऱ्या सोयीच रेल्वेला भावल्या.

भोवतालच्या सराया तेव्हा एकेक करून पडत होत्या. टॅलबट १८७३ मध्ये पाडली. ती चॉसरची नव्हती, १६७६ नंतर बांधलेली होती, तरी चॉसरची म्हणून तिच्यासाठी लोक हळहळले. १८७५ मध्ये सेंट पॉल्सजवळची ऑक्सफर्ड आर्म्स ही सज्ज्यांची सराई पाडली जाणार असे कळले, तेव्हा काही लोकांनी मिळून जुन्या लंडनच्या अवशेषांची छायाचित्रे काढणारी एक संस्थाच सुरू केली. पाडकाम थांबवणे त्यांच्या हातात नव्हते, म्हणून त्यांनी निदान प्रतिमा राखल्या, आणि त्याही सहजी न उडणाऱ्या कार्बन छपाईत. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला संस्थेच्या छायाचित्रकारांनी साउथवर्कच्या सरायाही टिपल्या. आज व्हाइट हार्टचे सज्जे कसे होते ते आपल्याला माहीत आहे ते या लोकांमुळे. वर्षाकाठी मोजकी छायाचित्रे काढणाऱ्या या छोट्या मंडळाचे ऋण लंडनच्या प्रत्येक वास्तुअभ्यासकावर आहे.

१८८९ हे वाईट वर्ष. व्हाइट हार्ट जमीनदोस्त झाली. त्याच वर्षी ग्रेट नॉर्दर्नने जॉर्जच्या चौकाभोवतीच्या दोन बाजू वखारींसाठी पाडल्या. दक्षिण बाजू तेवढी ठेवली.

चौकाच्या दोन बाजू पाडल्या म्हणजे दोन तृतीयांश इमारत गेली, एवढाच हिशेब नाही. सज्ज्याचा अर्थच चौक बंदिस्त असण्यात आहे. समोरासमोर सज्जे असतात तेव्हा आवाज एकमेकांवर आदळतात, एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूच्या दाराशी बोलतो, खाली उभ्या गाडीवर तिन्ही अंगांनी नजर राहते. एकच सज्जा उरला की तो नुसता पाहण्याचा होतो. जॉर्जच्या छायाचित्रांत ही उणीव कधी दिसत नाही, कारण छायाचित्र नेहमी उरलेल्या बाजूचेच काढले जाते. जागेवर उभे राहिले की ती लगेच जाणवते.

दक्षिण बाजूत मात्र सराई चालू राहिली. जेवण मिळत राहिले, बिअर मिळत राहिली, शेकोटी पेटत राहिली. ओस पडून स्मारक होण्याची पाळी जॉर्जवर आली नाही, आणि तिचे आतले जुने लाकूडकाम राहिले त्यात या अखंड वापराचा मोठा वाटा आहे. १९२३ मध्ये रेल्वे कंपन्यांचे विलीनीकरण होऊन ग्रेट नॉर्दर्न ही लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेत गेली आणि १९३७ मध्ये या कंपनीने जॉर्ज जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टला दिली. ज्या धंद्याने वास्तूचा मोठा भाग पाडला त्याच धंद्याच्या वारसाने उरलेला भाग लोकांच्या हवाली केला. या घटनेला साउथवर्कचा आणखी एक धागा आहे. १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट स्थापन करणाऱ्या तिघांपैकी ऑक्टेव्हिया हिल यांनी बरो हाय स्ट्रीटपासून जवळच, १८८७ मध्ये, कामगारांसाठी रेड क्रॉस गार्डन ही बाग आणि तिच्या कडेने घरे उभारली होती. गरिबालाही उघड्या हवेत, देखण्या जागी बसता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. जॉर्जचा चौक आज कुणालाही दरवाज्यातून सरळ आत येऊन बसता येईल असा आहे, हे त्या आग्रहाला धरूनच आहे. ट्रस्टने जागा भाडेपट्ट्याने दिली आहे आणि तिथे पब चालतो. वास्तूला संरक्षणाचा सर्वोच्च, म्हणजे पहिला दर्जा आहे.

ट्रस्टकडे आल्यानंतरच्या काळात चौकात शेक्सपियरच्या नाटकांचे प्रयोगही झाले. कवीच्या हयातीत जॉर्जमध्ये जे घडल्याचा पुरावा नाही, ते विसाव्या शतकात घडले.

आत गेलेल्याने एकदा तरी वर जावे. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजल्या आहेत आणि वरच्या जमिनी एका अंगाला कलल्या आहेत. जिथे प्रवासी झोपत त्या खोल्यांत आता जेवणाची टेबले आहेत. दारे मात्र अजून सज्ज्यावर उघडतात. जमीन कललेली असली तरी सांधे धरून आहेत, कारण या पद्धतीत सांगाडा एकत्र हलतो, एकत्र वाकतो, पण सुटत नाही.

खाली चौकात बाके मांडलेली असतात आणि संध्याकाळी स्टेशनाकडे निघालेले नोकरदार तिथे ग्लास घेऊन बसतात. बहुतेक जण दक्षिणेला, सज्ज्यांकडे तोंड करून बसतात. त्यांच्या पाठीमागे, जिथे १८८९ पर्यंत समोरचे सज्जे होते तिथे, नव्या इमारती आहेत आणि त्यांच्याही वर, स्टेशनाच्या अंगाने, शार्डचा ३१० मीटर उंच काचेचा सुळका चढत गेला आहे. पाहुण्याने एक गोष्ट करून पाहावी. चौकाच्या मधोमध उभे राहून उजवीकडून डावीकडे दक्षिण बाजूचे खांब मोजावेत, दोन खांबांतला एकेक खण, त्यामागचे एकेक दार. मग पाठ फिरवावी आणि तेवढेच खण समोरच्या रिकाम्या बाजूवर, त्याच उंचीला, त्याच अंतराने मोजत जावे.